पुढं ढकलायच्या गोळ्या

वहिनीचे तळहात खाजायला लागले तेव्हा आम्ही सगळ्यांनी मिळून टँकरला शिव्या घातल्या. दुसरं होतंच कोण शिव्या घालायला? त्या वर्षी जायकवाडी धरण तळाला गेलं होतं, आणि आमची वसाहत तर शहराच्या नळयोजनेत धरलेलीच नव्हती. बायपासच्या पलीकडं ज्वारीच्या रानात रो-हाउस उभी राहिली, त्यातलं एक दादानं घेतलं. पाइपलाइन वर्षभरात येतेय, असं बिल्डरनं सांगितलं होतं. पाइपलाइन आली नाही, इमारती मात्र येत राहिल्या, आणि प्रत्येक नव्या इमारतीचं बोअर आमच्या बोअरपेक्षा खोल. आमचं आटलं. मग मंगळवारी आणि शनिवारी टँकर. मातकट, हिरवट पाणी, कुठल्या विहिरीचं देव जाणे. असलं पाणी अंगाला लागल्यावर खाज सुटणारच, असं आई म्हणाली, शेजारीण म्हणाली आणि मीही म्हणाले. मी म्हणजे कोण, तर विद्यापीठात यकृतावर संशोधन करणारी बाई. संशोधन कसलं डोंबलाचं.

माझं तोंड घरात सगळ्यांत जास्त चालायचं. भाजीवाल्याशी, टँकरवाल्याशी, दादाशी, कुणाशीही मी भांडायची. पण ज्या एका गोष्टीवर बोलायला हवं होतं तिथं मी गप्प बसले. ते का, हेच सांगायला बसलेय, आणि सांगताना स्वतःला सूट द्यायची नाही असं ठरवलंय.

घरात आम्ही चौघं. वडील तहसील कचेरीत कारकून होते, ते गेल्यापासून घर आईच्या शिस्तीवर चालायचं. दादा वाळूजला कंपनीत, शिफ्टची बस पकडून जायचा. वहिनी पिशोरची, माझ्याहून वर्षानं लहान. लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि मूल इतक्यात नको असं दोघांचं ठरलं होतं. मी तिला तू म्हणायची, ती मला वन्सं आणि तुम्ही. रीतच तशी, त्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. मलाही नाही.

आईच्या शिस्तीतली मोठी गोष्ट म्हणजे बाजूला बसणं. पाळीचे चार दिवस वहिनी जिन्याखालच्या खोलीत. चौथ्या दिवशी डोक्यावरून अंघोळ, अंथरूण-पांघरूण धुवायचं, खोली धुवायची. चांगल्या दिवसांत यात कुणाला काही वाटत नसे. टँकरच्या दिवसांत एक आख्खा ड्रम त्यात जायचा. शिवाय चार दिवस पाणी भरणार कोण? आईचे गुडघे गेलेले, बोटं वाकडी झालेली. मी विद्यापीठात.

आणि माझं काय, असं कुणीही विचारेल. मी सरळ खोटं बोलायची. मला पाळी आली तरी घरात सांगायचीच नाही, देवघरापासून जरा लांब राहायची, झालं. आई मला कधी विचारत नसे. वहिनीच्या तारखा मात्र तिला तोंडपाठ होत्या, त्यामुळं वहिनीला खोटं बोलायची सोयच नव्हती.

पहिल्यांदा गोळ्या आल्या त्या आदल्या वर्षीच्या महालक्ष्म्यांना. आमच्याकडं गौरींना महालक्ष्म्या म्हणतात. पहिल्या दिवशी बसवायच्या, दुसऱ्या दिवशी जेवण, तिसऱ्या दिवशी उठवायच्या. त्यात सुनेलाच अडचण आली तर घर कोलमडतं. या गोळ्या घरोघरी घेतात. लग्न असो, पूजा असो, बायका एकमेकींना सहज सांगतात. मीच विद्यापीठाजवळच्या मेडिकलमधून आणल्या. ‘किती दिवस पुढं ढकलायचीय?’ एवढंच दुकानदारानं विचारलं. चिठ्ठी नाही, नाव नाही. कागदाच्या पुडीत पाकीट गुंडाळून दिलं.

मग दुष्काळाचं वर्ष लागलं. चैत्रात आई म्हणाली, ‘या महिन्यात पुढं गेली तर बरं होईल गं, टँकरचा भरवसा नाही.’ वैशाखात पुन्हा. अधूनमधून एखादा महिना गोळ्या थांबवायच्या, एकदा सगळं उरकून घ्यायचं, की पुन्हा सुरू. श्रावण लागला तरी पाऊस नाही, तेव्हा गोळ्या थांबवायचा तो मधला महिनाही गाळला. आई सांगायची, मी आणायची, वहिनी घ्यायची. दिवसातून तीन. तिला यात त्रास नव्हता, उलट ती खूश होती. ‘त्या खोलीत बसन्यापरीस गोळी बरी, वन्सं,’ ती म्हणायची. मला वाटायचं, मी तिची सुटका करतेय. पुरोगामी नणंद.

विद्यापीठात माझ्याकडं उंदीर होते. विषय थोडक्यात असा, की बाईचं यकृत आणि पुरुषाचं यकृत एकसारखं वागतं का. दिसायला एकच अवयव. पण उंदरांना झोपेचं औषध मापून दिलं, तर नर लवकर उठतो आणि मादी कितीतरी वेळ पडून राहते, कारण नराचं यकृत ते औषध भराभर मोडून टाकतं. का मोडतं? तर यकृताच्या प्रत्येक पेशीत सगळी जनुकं असली, तरी सगळी सारखी वाचली जात नाहीत. बाईपणाची आणि पुरुषपणाची संप्रेरकं रक्तातून तिथं पोचतात, पेशीत शिरतात, आणि कुठलं जनुक जास्त वाचायचं, कुठलं मिटून ठेवायचं, यात हात घालतात. आपण समजतो ही संप्रेरकं म्हणजे पाळी, दाढी-मिशा, मूल. ती यकृताचाही कारभार बघतात, हे घरात कुणाला सांगायला जावं तर लोक हसतात.

वहिनीला मी झोपेच्या औषधाचं सांगितलं होतं. गव्हातले खडे वेचत ती ऐकत होती. म्हणाली, ‘आमच्यात उलटंच हाय. तुमचे दादा टँकरच्या भोंग्यानं बी उठत नाईत, अन् मला नुसता पान्याचा आवाज आला तरी जाग येती.’ आम्ही दोघी लई हसलो होतो. घरात माझं काम नीट ऐकून घेणारी ती एकटीच होती.

आमचे सर सुरुवातीला म्हणाले होते, फक्त नर घ्या. ‘माद्यांचं चार दिवसांचं चक्र असतं, त्यानं आकडे हलतात.’ मी तिथं भांडले. म्हणाले, सर, आकडे हलतात म्हणूनच तर बघायचं. मादी उंदीर पण चार दिवस बाजूला बसवायचा का? सर हसले आणि माद्या मंजूर झाल्या. तेव्हा मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

तर त्या माद्यांपैकी निम्म्यांना मी पाच दिवस स्त्री-संप्रेरकाची इंजेक्शनं द्यायची, निम्म्यांना नुसतं तेल. मग यकृत काढून बघायचं, कुठलं जनुक किती वाचलं गेलं; जास्त वाचलं तर तपासणीत त्याची पट्टी गडद उमटते, कमी वाचलं तर फिकट. यकृताच्या पेशीत पित्त बाहेर लोटणारा एक पंप असतो. संप्रेरक दिलेल्या माद्यांमध्ये त्या पंपाच्या जनुकाची पट्टी फिकट आली. पुन्हा केलं, पुन्हा फिकट. पंप कमी, म्हणजे पित्त यकृतातच अडणार आणि तिथून रक्तात उतरणार. मी आनंदानं सरांना पट्ट्या दाखवल्या.

त्याच आठवड्यात वहिनी तळपाय फरशीवर घासत स्वयंपाक करायला लागली होती. आधी तळहात, मग तळपाय. अंगावर ना पुरळ, ना लाली. मी तिला कडुलिंबाचा पाला पाण्यात टाकायला सांगितला.

नंतर लघवी पिवळी जर्द व्हायला लागली, डोळे पिवळे दिसायला लागले. वसाहतीतल्या डॉक्टरांनी बघून सांगितलं, पाण्याची कावीळ, इथं अजून तिघांना आहे, तेल-तूप बंद करा, रस प्या. गोळ्यांचं त्यांनी विचारलं नाही, आम्ही सांगितलं नाही. ते औषध आहे असं आमच्या डोक्यातच नव्हतं. औषध म्हणजे ताप आल्यावर घेतात ते. दादानं तिला मोटारसायकलवर लासूर स्टेशनला नेऊन काविळीची माळ घालून आणली. ती मुळ्यांची माळ रोज थोडी लांबते आणि लांबत लांबत पायाशी आली की कावीळ उतरली असं धरतात. माळ लांबत होती, सगळे खूश होते. तिचे डोळे मात्र जास्तच पिवळे होत चालले होते. ताप नाही, काही नाही, एवढंही माझ्या लक्षात येऊ नये? बाकी तिघांना ताप होता.

महालक्ष्म्यांना चार दिवस होते. दुपारची वेळ, प्रयोगशाळेत वीज गेलेली, म्हणून मी प्रबंधाची प्रस्तावना चाळत खिडकीपाशी बसले. हे संशोधन माणसाच्या काय कामाचं, असा एक परिच्छेद त्यात होता, मीच दीड वर्षापूर्वी लिहिलेला. काही स्त्रियांमध्ये संप्रेरकाच्या गोळ्यांमुळं किंवा गरोदरपणात यकृतातलं पित्त अडतं. सुरुवातीला तळहात आणि तळपायांना खाज सुटते, पुरळ मात्र नसतं. नंतर कावीळ दिसते. वाक्य माझंच होतं. खाली संदर्भसुद्धा दिलेले.

मी ते तीन-चारदा वाचलं. पाळी पुढं ढकलायच्या गोळ्या म्हणजे संप्रेरकाच्याच गोळ्या. पुढं तोंडी परीक्षेत बाहेरच्या तज्ज्ञांनी नेमक्या त्याच परिच्छेदाचं कौतुक केलं होतं, ते मी खाली मान घालून ऐकलं.

आता कुणीही म्हणेल, तसंच उठून घरी जायचं आणि सांगायचं. घरी तर मी गेलेच. रिक्षात बसून सगळा हिशोब मांडत गेले. आज गोळी बंद केली तर दोन-तीन दिवसांत पाळी येणार. म्हणजे महालक्ष्म्या नेमक्या तिच्या बाजूला बसायच्या दिवसांत सापडणार. नातेवाईक येणार, पुरणाचा घाट, सोळा भाज्या. आईला हातानं पोळी लाटता येत नाही. मग सोवळ्यात स्वयंपाक करणार मी, आणि माझीही तारीख त्याच दिवसांतली, म्हणजे आणखी एक खोटं. वर हे सगळं सांगायचं तर गोळ्या कुणी आणल्या हेही आलंच. दादासमोर, आईसमोर. यकृताचा अभ्यास करते आणि वहिनीला आणून देते. मला लाज वाटली. खरं कारण तेच, बाकी सगळी सबब. मी ठरवलं, महालक्ष्म्या उठल्या की त्याच दिवशी सांगायचं. इतके महिने घेतल्या, अजून चार-सहा दिवसांनी काय होतंय.

काय होतं ते मला ठाऊक होतं. माझ्या उंदरांना पाच दिवस पुरले होते.

तरी संध्याकाळी राहवलं नाही. वहिनी ओट्यापाशी उभ्यानं गोळी घेत होती. मी म्हणाले, ‘आज नको घेऊस.’

‘का वं?’

आई बाहेरच्या खोलीत वाती वळत होती. मी आवाज खाली आणला. म्हणाले, ‘अगं, उष्ण पडते ती. राहू दे.’

ती माझ्याकडं बघून हसली. चेहरा पिवळा, ओठ कोरडे. ‘पडू द्या उष्ण,’ म्हणाली. ‘चार दिसाचा तर सवाल हाय. म्हालक्ष्म्या हुंद्या, मग बसते त्या खोलीत मस्त आराम करत.’ आणि गोळी घेतली.

मी तिला थांबवलं असं मी पुढं कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. नव्हतं थांबवलं. उष्ण पडते म्हणून आमच्याकडं कोण काय सोडतं? गूळ उष्ण पडतो, पपई उष्ण पडते, म्हणून कुणी जेवायचं थांबत नाही.

महालक्ष्म्या बसल्या, जेवल्या, उठल्या. वहिनीनं सगळा स्वयंपाक केला. मधूनच हाताची पाठ परातीच्या काठावर घासायची आणि पुन्हा लाटायला घ्यायची. जेवणाच्या दिवशी तिच्या नाकातून रक्त आलं. उन्हानं आलं, असं कुणीतरी म्हणालं, आणि आईनं तिच्या टाळूवर पाणी थापलं. मी भाज्या वाढत होते. पित्त आतड्यात उतरलं नाही की रक्त गोठायला लागणारं जीवनसत्त्व अंगात शोषलं जात नाही, हेही माझ्या वाचनात होतं. मी पंगतीत फिरत राहिले.

तिसऱ्या दिवशी मूर्ती हलवल्या, पाहुणे गेले. मी सांगायला म्हणून तिच्यामागं स्वयंपाकघरात गेले तर ती चूळ भरत होती आणि बेसिनमध्ये लाल पाणी होतं. हिरड्यांतून रक्त येत होतं, थांबत नव्हतं. ती म्हणाली, ‘वन्सं, मला कसंतरीच व्हतंय,’ आणि खाली बसली.

दवाखान्यात तपासणाऱ्या डॉक्टरीणबाई आमच्याच वयाच्या होत्या. पोट दाबून बघितलं, डोळे बघितले, कातडीवरचे नखांचे ओरखडे बघितले. मग विचारलं, ‘कुठल्या गोळ्या चालू होत्या का? काहीही, अगदी साध्या?’

वहिनीनं आधी दादाकडं बघितलं, मग आईकडं, मग माझ्याकडं. आणि मानेनंच नाही म्हणाली.

माझं नाव येऊ नये म्हणून, की पाळीची गोष्ट नवऱ्यासमोर कशाला म्हणून, ते मला माहीत नाही. पण तिनं माझ्याकडं बघितलं होतं. मी सगळं सांगितलं. गोळीचं नाव, किती महिने, दिवसाला किती, आणि खाज कधी सुरू झाली. दादा माझ्याकडं बघतच राहिला. डॉक्टरीणबाई लिहिता लिहिता थांबल्या.

‘तुम्ही काय करता?’

‘यकृतावर पीएच.डी. करतेय.’

त्यांनी कागद पुढं ओढला. पुन्हा लिहायला लागल्या.

गोळ्या बंद झाल्या आणि तिसऱ्या दिवशी, इतके महिने ढकललेली पाळी वॉर्डात आली. रक्त गोठत नव्हतं, त्यामुळं थांबायचं नाव घेईना. इंजेक्शनं चालू होती, रक्ताच्या बाटल्या लावल्या, एक दादानं दिली. दोन दिवस कुणी आम्हाला धड काही सांगेना. आई तिच्या पलंगावर बसून होती. तिचं डोकं स्वतःच्या मांडीवर घेऊन. सोवळं नाही, बाजूला नाही. भरलेली लुगडी आई स्वतः मोरीत नेऊन त्या वाकड्या बोटांनी धूत होती. मी घ्यायला गेले तर म्हणाली, ‘सरक तिकडं.’ मी आईला आयुष्यात पहिल्यांदा रडताना बघितलं. वडील गेले तेव्हाही ती अशी रडली नव्हती. ‘मीच म्हणाले हिला, पुढं ढकल म्हणून,’ एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आईला माहीत नव्हतं, मला माहीत होतं, आणि रडत आई होती.

वहिनी वाचली. आधी रक्त थांबलं, मग हळूहळू खाज कमी झाली. पिवळेपणा मात्र जाता जात नव्हता. एका दुपारी आई बाहेर व्हरांड्यात टेकली होती आणि मी पलंगाशेजारी स्टुलावर बसले होते. वहिनी छताकडं बघत होती. मग म्हणाली, ‘डॉक्टरबाई म्हनत व्हत्या, गोळीनं झालं. पान्यानं नाय.’

‘हो.’

‘तुमाला ठाऊक व्हतं?’

खोटं बोलायची मला सवय होती आणि त्या क्षणी ते सोपंही होतं. आत्ताच कळलं, एवढं म्हटलं असतं तर तिनं मानलं असतं. ती माझं सगळं मानायची.

‘हो,’ मी म्हणाले.

‘कवापासून?’

‘महालक्ष्म्यांच्या आधी चार दिवस. तू ओट्यापाशी गोळी घेत होतीस ना, त्याच दिवशी दुपारी.’

तिनं मान पलीकडं वळवली. पलीकडच्या पलंगावरची बाई संत्रं सोलत होती.

‘तुम्ही म्हनल्या, उष्ण पडती,’ वहिनी म्हणाली.

मी मान हलवली.

‘कावीळ याच गोळीनं झालीय, असं म्हनल्या असत्या, तर मी ती टाकून दिली असती का तरी बी घेतली असती, ते मला आता कवाच कळनार नाय. कदाचित घेतलीच असती. घरात पावनं येनार व्हतं.’ तिचा आवाज चढलेला नव्हता, रागही दिसत नव्हता. ‘पर मला इचारायला पायजे व्हतं, वन्सं. अंग माझं व्हतं.’

मी चुकलं म्हणाले, माफ कर म्हणाले, आणखी काय काय म्हणाले. तिनं ते ऐकलं की नाही, कळलं नाही. तिला कूस बदलायची होती. सलाइनची नळी अडकत होती. मी उठले आणि तिच्या खांद्याखाली हात घालायला गेले.

‘तुम्ही नका,’ ती म्हणाली. ‘आईंना पाठवा.’

मी बाहेर जाऊन आईला उठवलं.